आखरावरचा माणूस

स्वित्झर्लंडला जायचं हे नक्की होतं. सहलीचे शेवटचे दिवस तिथे कुठे राहायचं, यावरून मात्र आमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. धुसफूस म्हणजे माझीच. आमचे हे, देवराव, भांडायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत. "तू म्हनशीन तिथं," एवढं म्हणायचं आणि चहाच्या बशीत तोंड घालायचं. लग्नानंतर या माणसानं मला एकदा नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं आणि एकदा दवाखान्यात. माझा प्रवास तेवढाच.

म्हणून मी हट्टाला पेटले होते. दोन्ही गुडघे गेलेले, पुढच्या वर्षी ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, काय हिंडायचं ते आत्ता हिंडून घ्या. आमचा अश्वजित पुण्याहून रोज फोनवर म्हणायचा, आई, या वर्षी गेली नाहीस तर कधीच जाणार नाहीस. मलाही ते कळत होतं. या वर्षी नाही तर मग सरणावरच.

वणीत स्टँडजवळ प्रियंकाचं सहलींचं ऑफिस आहे. माझीच विद्यार्थिनी. सातवीत तिला प्रकाशाचं परावर्तन शेवटपर्यंत कळलं नाही, पण आता अर्ध्या तालुक्याला परदेशात पोचवते. तिनं तीन ठिकाणं समोर ठेवली. तळ्याकाठचं ल्यूसर्न, बर्फाच्या सुळक्याखालचं झरमॅट, आणि डोंगरातलं एक बारकं खेडं, ज्याचं नाव आम्हा दोघांच्याही जिभेवर चढेना. आम्ही त्याला गाईंचं गाव म्हणायला लागलो. तिन्हीकडे चोवीस तास चालू असणारे कॅमेरे आहेत, इंटरनेटवर कुणालाही दिसतात. "मॅडम, टीव्हीवर लावा अन् हवा पाहून ठरवा," प्रियंका म्हणाली.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. गॅलरीतून खाणीचा मातीचा डोंगर दिसतो. कोळसा काढायला वरची माती उकरतात आणि बाजूला टाकतात, टाकता टाकता त्याचाच डोंगर होतो. आमचं जुनं गाव त्याच्याखाली आहे. सहा एकराच्या बदल्यात यांना खाणीत नोकरी लागली, डंपर चालवायची. ज्या गावात जन्मले त्याच्यावर यांनीच माती नेऊन टाकली, वर पगार घेतला. मी कधी टोचून बोलले तर म्हणायचे, कोनी ना कोनी टाकलीच असती.

तर एका संध्याकाळी मी दिवेलागणीला टीव्हीवर गाईंचं गाव लावलं. इथे अंधारून आलं होतं, तिथे टळटळीत दुपार होती. हिरवा उतार, लाकडी कुंपण, एका कडेला लाकडाचं घर, त्याचं दार बंद. तपकिरी गाई एका जागी गोळा होऊन उभ्या. आवाज नव्हताच, नुसतं चित्र. मला बरं वाटलं. डोळ्यांना गारवा आला.

यांची बशी तोंडाशी थांबली.

"हे तं आखर आहे," हे म्हणाले.

आखर म्हणजे आमच्याकडे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी सगळ्या गावाची गुरं तिथे जमायची आणि तिथून गुराखी त्यांना चरायला न्यायचा. मी म्हटलं, गाई उभ्या असल्या की आखर होतं काय? पण हे गाईंकडे पाहतच नव्हते. कुंपणाच्या पार पलीकडे एक माणूस उभा होता. डोक्यावरून घोंगडी, लाठी मानेमागे आडवी, दोन्ही हात लाठीवर टाकलेले. एवढासा दिसत होता.

मी म्हटलं तिथला गुराखी असेल. जगात गुराखी सगळीकडे असेच उभे राहत असतील. हे उठले आणि टीव्ही बंद केला. मला राग आला. माझ्या सुट्टीवर पाणी फिरवायची ही यांची जुनीच रीत.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ल्यूसर्न लावलं. तळं, हंस, पांढऱ्या बोटी, काठानं आइस्क्रीम खात फिरणारी माणसं. हे खुर्चीत सावरून बसले. थोड्या वेळानं त्यांनी नुसतं बोट केलं.

गर्दीत घोंगडी होती. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती, जसं खांबाला वळसा घालून जातात. काल होता त्याच्यापेक्षा तो जवळ होता. पायात टायरच्या चपला होत्या.

आता माझं सांगते. आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. सासऱ्यांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले ते सोडलेच. मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. तेव्हा मी रात्रभर डोकं चालवलं आणि उत्तर काढलं. कुणीतरी जुनी चित्रं फिरवून फिरवून दाखवत असणार, नाहीतर जाहिरात असणार. सकाळी गुडघे ओढत प्रियंकाकडे गेले आणि विचारलं, त्या कॅमेऱ्यात एक घोंगडीवाला दिसतो, तो कोण?

तिनं कॉम्प्युटरवरून मानही वर केली नाही. "तो होय? तो असते मॅडम. मी रोज पाह्यतो ना. तिथलाच असन कोनी."

मी परत आले ती पायऱ्यांवर दोनदा बसले.

त्या संध्याकाळी झरमॅट. नुसता बर्फ आणि एक लाकडी ओटा, पर्यटकांनी फोटो काढायचा. ओट्यावर तो एकटाच होता. इतका जवळ, की घोंगडीच्या दशा मोजता आल्या असत्या. चेहरा सावलीत होता. ओठ हलले. एकदा हलून थांबले, पुन्हा तेच.

"काय म्हणून राह्यला तो?" मी विचारलं.

"आले का, म्हनते," हे म्हणाले. "सेवादास आहे तो, नलू."

सेवादास आमच्या जुन्या गावाचा गुराखी, तांड्यावरचा. मी नवी नवरी होते तेव्हा त्याला रोज भाकर द्यायचं काम माझं होतं. त्याची एक रीत होती. तिन्हीसांजेला प्रत्येक घरची गुरं दारात आणून सोडायची, मग उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, आले का? गुरं त्यानंच आणलेली, समोर दिसतायत, तरी विचारायचं. घरच्या बाईनं गोठ्यात पाहून "आले" म्हणायचं आणि भाकर द्यायची. ते म्हटल्याशिवाय तो दारातून हलायचा नाही आणि तोंडात घासही घालायचा नाही. मला हसू यायचं. कधी चेष्टेनं मी वेळ लावायचे, तर तसाच उभा राहायचा, मानेमागे लाठी घेऊन. भाकरीचं ते बांबूचं टोपलं अजून माझ्याकडे आहे. काठ उसवला तेव्हा यांनी खाणीतली निळी वायर आणून गुंडाळून दिली होती. यांनी मला हातानं करून दिलेली ती एकच वस्तू.

खाणीसाठी गाव उठलं त्या आठवड्यापासून सेवादास दिसला नाही. मला वाटलं, तांड्यासोबत गेला असेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

आता हे बोलायला लागले. टीव्हीकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. नव्या वस्तीत गोठ्याला जागा नव्हती. व्यापारी ट्रक घेऊन आला, त्याला घाई होती. सेवादास आखरावर पळसाखाली झोपला होता. "त्याले उठोलं असतं तं त्यानं गाईच्या गळ्यात पडून रडारड केली असती. म्हनून मी आपल्या गाई गुपचूप हाकलून नेल्या. वाटलं, उठन, पाहीन, समजन. तो समजला नाही. तो गाई पाहात तिथंच हिंडत राह्यला. दुसऱ्या दिवशी मी डंपर घेऊन वर गेलतो. खाली कोनीतरी हाका मारून राह्यलतं. इंजिनाच्या आवाजात मले वाटलं भास आहे."

"आन मग?"

"मंग काय. माती टाकली."

मग मात्र मी यांना नको नको ते बोलले. इतकी वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली, त्या टोपल्यातूनच खाल्ली, आणि हे पोटात ठेवून खाल्ली. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "नलू, नको जाऊ आपन. कायले जायचं? तो तिथंबी उभा राहीन."

तिथेच माझं डोकं सणकलं. पाप यांचं आणि सुट्टी माझी जायची! मी म्हटलं, तो या टीव्हीत इथेपण उभाच आहे, मग न जाऊन काय साधणार? त्याला ऐकायचं ते ऐकवा आणि मोकळे व्हा. म्हणा आले.

यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"म्हनता येत नाही व," हे म्हणाले. "आले नाहीत ना ते."

दुसऱ्या दिवशी दुपारभर हे शांत होते. जेवले. सुट्टीसाठी घेतलेलं मरून जॅकेट कपाटातून काढून अंगात घातलं. बाहीला दुकानाची चिठ्ठी दोऱ्यानं लटकत होती, ती काढून देते म्हटलं तर राहू दे म्हणाले. ऊन उतरलं तेव्हा निघाले.

"कुठे चालले एवढ्या उकाड्यात जॅकेट घालून?"

"गुरं पाहून येतो," म्हणाले.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, येताना कोथिंबीर आणा.

आले नाहीत.

पोलिसांत दिलं. अश्वजित रातोरात गाडीनं आला. खाणीचे चौकीदार बॅटऱ्या घेऊन डोंगर चढले. आदल्या रात्रीच्या पावसानं माती ओली होती, म्हणून यांच्या चपलांचे ठसे अर्ध्या चढापर्यंत स्पष्ट होते. तिथून पुढे ठसे नव्हते. तिथून पुढे गुरांच्या खुरांचे ठसे होते, वरपर्यंत. त्या डोंगरावर कुणी गुरं नेत नाही. चौकीदारानं मला हे दोनदा सांगितलं, जणू चूक माझीच होती.

शोध चालू राहिला. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. अश्वजित रोज पोलीस ठाण्यात जाऊन बसायचा. एका दिवेलागणीला घरात मी एकटी होते. रिमोट हाताशी होता.

गाईंचं गाव. हिरवा उतार, लाकडी कुंपण, बंद दाराचं घर.

घोंगडीवाला नव्हता.

गाईंच्या मागे मरून जॅकेट होतं. लाठी मानेमागे आडवी, दोन्ही हात लाठीवर. डाव्या बाहीला चिठ्ठी लटकत होती, वाऱ्यानं हलत होती.

मी ओरडले नाही. आधी आला तो रागच. लग्न झाल्यापासून कुठे नेलं नाही, आणि गेला तर एकटा गेला. माझ्या गावी गेला. मी निवडलेल्या गावी.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी होता, तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या अलीकडे. अश्वजितला मी दाखवलं नाही. चौथ्या दिवशी चेहरा दिसला. दाढी वाढली होती. ओठ एकदा हलले, थांबले, पुन्हा हलले. मी टीव्हीच्या इतकी जवळ उभी होते की काचेवर माझा श्वास उमटला. एक शब्द म्हणायचा होता, तो मी हजार वेळा म्हटला असेन. म्हटला नाही. म्हटला की तो मोकळा होईल. मोकळी झालेली माणसं कुठे जातात ते मला कुठे माहीत आहे? सेवादास आता कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हता, मी तिन्ही पाहिले होते.

मला तो मोकळा नको होता. मला तो घरी हवा होता.

प्रियंकाचा फोन आला. फार हळू बोलत होती. सरांचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली, सगळं रद्द करून देते म्हणाली.

"रद्द नको," मी म्हटलं. "मी जाते. ते गाईंचं गाव धर."

"एकट्या, मॅडम? गुडघे...?"

"जातानाचं तिकीट एकच काढ. येतानाची दोन."

फोनमधून बराच वेळ तिच्या ऑफिसातल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापल्या. सवयीनं दोघांच्या झाल्या. टोपल्यात फडकं घालून झाकून ठेवल्या, हात धुतले, बाहेर येऊन टीव्ही लावला.

गाई नव्हत्या. हे नव्हते. उतार मोकळा होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या लाकडी घराचं दार उघडं होतं, आत काळोख. उंबऱ्यावर काहीतरी ठेवलेलं होतं. मी चष्मा पुसून पाहिलं.

बांबूचं टोपलं, काठाला निळी वायर. फडकं बाजूला झालेलं होतं आणि भाकरींची वाफ निघत होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर टोपलं नव्हतं, नुसतं पीठ सांडलेलं होतं. तवा अजून गरम होता.