पहिल्या बाई

दर तीन वर्षांनी संगीत विभागाची परिचय-पुस्तिका निघायची, आणि दर वेळी ते काम ताईच्याच गळ्यात पडायचं. ताई ही विभागाची लेखनिक. शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. घरात ती धाकटी, त्यामुळे ही हाक अंगवळणी पडायला तिला दोन वर्षं लागली होती. शिक्षकांकडून माहिती काढायची म्हणजे दगडातून पाणी. गाणारे ऐकत नाहीत आणि वाजवणारे लिहीत नाहीत, असं ती म्हणायची.

या वेळी प्रमुखांनी नवीनच टूम काढली. "पदव्या कोण वाचतं हो? प्रत्येकाला विचारा, पहिला सूर कोणी शिकवला. तेवढंच छापू."

मग ताई एकेकाला टेबलासमोर बसवून विचारू लागली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या खोल्यांतला रियाज जिन्यावरून वर यायचा, तोही अर्धवट, एकमेकांत मिसळलेला. तिला त्याचा त्रास होत नसे.

पहिले आले व्हायोलिनचे सर. चाळिशीला टेकलेले, बोलताना हनुवटी खाली दाबणारे.

"आमच्या शाळेत एक बाई होत्या," ते म्हणाले. "पंचविशीच्या असतील. नाव कुणाला ठाऊक, आम्ही नुसतं बाई म्हणायचो. मी भरभर वाजवायला लागलो की म्हणायच्या, 'घाई कसली? सूर काय गावाला चाललाय?'"

ताईचं पेन थांबलं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. शाई वाळली."

हे वाक्य तिच्या आक्काचं होतं. आक्का म्हणजे मोठी बहीण. शेजारची पोरं शिकायला येत, त्यांना ती अगदी ह्याच शब्दांत दटावायची. पण आक्का बाविसाव्या वर्षीच गेली होती. संगीत शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, त्याच महिन्यात दोघी बहिणींना एकदम ताप आला. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटा, मधल्या स्टुलावर आई. चौथ्या दिवशी ताईचा ताप उतरला, आक्काचा उतरलाच नाही. एकतीस वर्षं झाली त्याला. त्यानंतर घरात कधी रेडिओ लागला नाही. संगीताच्याच कचेरीत नोकरी का धरली, हे ताईने आईला कधी सांगितलं नाही, आणि आईनेही कधी विचारलं नाही.

एक वाक्य दोन माणसांच्या तोंडी असू शकतं. ताईने स्वतःची समजूत घातली आणि परिचय टाइप केला.

दोन दिवसांनी बासरीचे सर आले. वयाने तिशीचे, व्हायोलिनच्या सरांपासून चारशे मैलांवरच्या गावात वाढलेले. दोघांचं एरवी चहापुरतंही जमत नसे.

"आमच्या गल्लीत एक बाई राहायच्या," ते म्हणाले. "चष्मा होता, केस एका बाजूने पिकायला लागले होते. डाव्या हाताची करंगळी वाकडी. टेबलावर बोटांनी ताल धरला की ती एकटीच वर राहायची. आम्ही मुलं मागे हसायचो. आता वाईट वाटतं."

"वाकडी कशी?" ताईने विचारलं.

त्यांनी करंगळी वाकवून दाखवली. आक्काची होती तश्शीच. बाहेरच्या बाजूला, टोकाशी जरा वळलेली.

"कशाने झालं, विचारलंत कधी?"

"विचारलं होतं. म्हणाल्या, 'आपलीच चूक.'"

त्या संध्याकाळी ताई घरी गेली तेव्हा आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. ऐंशीची आई, एका कानाने ऐकणारी. ताई तिच्या बाजूला बसली. आई, आक्का दिसायची कशी, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. तिने नुसत्या शेंगा सोलल्या. आक्काला तिने कधी चष्म्यात पाहिलं नव्हतं. पण आता डोळे मिटले की चष्माच दिसत होता, आणि त्यावर पिकलेली एक बट.

शेवटी राहिल्या पियानोच्या मॅडम. नव्याच लागलेल्या, जेमतेम सव्वीस वर्षांच्या.

"माझ्या बाई?" त्या खुलून म्हणाल्या. "अहो, त्या अजून शिकवतात! आता पांढऱ्याशुभ्र झाल्यात. परवाच फोन झाला."

ताईने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"घरी कोण असतं त्यांच्या?"

"कोणी नाही. एक धाकटी बहीण होती, ती सतराव्या वर्षी तापात गेली. दोघींना एकदमच ताप आला होता म्हणे. बाई वाचल्या. तिचा विषय निघाला की बाई शिकवणी सोडून आत जाऊन बसतात. ताई, तुम्हाला बरं नाही का?"

"नंबर द्या त्यांचा," ताई म्हणाली. "छापायचं म्हणजे खात्री करून घ्यावी लागते."

दुपारच्या सुट्टीत कार्यालय रिकामं झालं. ताईने दाराला आतून कडी लावली. कचेरीच्या फोनवरून एकेक आकडा सावकाश दाबला.

चार वेळा घंटी वाजली. मग कोणीतरी उचलला. मागे एक लहान मूल पेटीवर सरगम वाजवत होतं.

"बोला."

आवाज जाड झाला होता. पण तोच होता.

"आक्का," ताई म्हणाली. "मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोण तुम्ही? असली थट्टा कुणाशी करू नये. माझी बहीण जाऊन एकतीस वर्षं झाली."

"तुझी करंगळी माझ्यामुळे चिरडली. दार मी ढकललं होतं. तू आईला सांगितलंस, आपलीच चूक."

सरगम थांबली. मूल काहीतरी विचारत होतं.

"हे मी कुणालाच सांगितलेलं नाही," पलीकडून शब्द आले.

"मलाही कुणाला सांगता आलं नाही, आक्का."

पलीकडे ती रडत होती. आवाज न करता, नाकाने श्वास ओढत. ताईने फोन कानाशी इतका दाबला, की कान दुखायला लागला.

मग आक्काने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आई गेल्या वर्षी गेली. तुझ्याकडे आली का गं?"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई ना? आई इथेच आहे. माझ्याजवळ."

"बरं झालं," आक्का म्हणाली. "मला वाटायचं, तू एकटीच असशील तिथे."