गोणपाट काढलेली पाटी

रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या रंगाऱ्याचे गुडघे हल्ली फार कुरकुरत. गुडघ्यांखाली घ्यायला काहीतरी मऊ हवं, म्हणून त्या सकाळी त्याने खाणीजवळच्या वळणावरच्या पाटीचं गोणपाट काढून नेलं. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगची पाटी होती ती. हिरव्यावर पांढरी गाडी, शेजारी प्लग, खाली बाण. अशी पाटी आधी उभी करायची आणि वीज येईपर्यंत झाकून ठेवायची, हा या कामातला शिरस्ता. इथे मात्र वीज येणारच नव्हती. त्याने आतल्या जागेत गाड्यांसाठी दोन हिरवे चौकोन रंगवले होते आणि मग काम रद्द झालं होतं. चौकोनांपुढे उतार होता, उताराखाली पाण्याने भरलेली जुनी खाण. ‘कोण मरायला जातंय तिकडे,’ असं स्वतःशीच म्हणत त्याने गोणपाट स्कूटरवर टाकलं होतं.

दुपारी धुकं उतरलं. समोरचा माणूस दिसेना. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तान्ह्या बाळाला घेऊन ती माहेरी यायला निघाली होती.

“बाबा, बॅटरी संपत आलीय. पण वळणावर चार्जिंगची पाटी दिसली. आत वळतेय.”

“वळू नकोस. तिथे काही नाहीये...”

फोन केव्हाच कट झाला होता. रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला ब्रश तसाच टाकून, गोणपाट काखेत मारून त्याने स्कूटर पिटाळली. आपणच ती पाटी उघडी टाकली, हे एकच त्याच्या डोक्यात घणासारखं आदळत होतं.

गाडी हिरव्या चौकोनात नीट उभी होती. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

“चार्ज झाली की,” लेक म्हणाली. स्क्रीनवर बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती.

त्याने आजूबाजूला पाहिलं. यंत्र नाही, खांब नाही, वायर नाही.

“कुणी केली?”

“इथल्या माणसाने. कपडे ओलेचिंब होते त्याचे... माझ्या आधी दोन गाड्या होत्या, त्या चार्ज होऊन पुढे गेल्या. मलाही म्हणाला, पुढेच जा, रस्ता सरळ आहे. मी निघतच होते, तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मग थांबले.”

“मागे वळव,” तो कसाबसा म्हणाला. “आणि माझ्या मागोमाग ये.”

वळणावर येऊन त्याने स्कूटर थांबवली. आता कुणीच फसायला नको. गोणपाट चढवायला तो पाटीच्या मागच्या बाजूला गेला. ही बाजू म्हणजे कोरा पत्रा होता, पाटी त्याने स्वतःच बसवली होती. आता तीही हिरवी होती. तीच गाडी, तोच प्लग. खाणीकडून येणाऱ्याला दिसेल अशी, आणि बाण रंगाऱ्याच्याच घराच्या रस्त्याकडे वळलेला. त्याने हात लावला. रंग बोटांना लागला.

मागून लेकीने काच खाली केली.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “त्या दोन गाड्या परत आल्यात वाटतं. आपल्या मागेच आहेत, दिवे देतायत... त्यांना आधी जाऊ द्यायचं का?”