चांदणीचं टोपलं

"मयुरी, हलू नको! तो पाह्य, ससा!" सफा कुजबुजली.

बांधावरच्या बोरीखाली रानससा बसला होता. एरवी चाहूल लागताच धूम ठोकणारा हा प्राणी आज जागचा हलेना! कानांवर जाड खपल्या, नाकाभोवतीचे केस गळालेले.

"बिमार हाये तो!" नागसेन म्हणाला. "हात नका लावू!"

मयुरीला गलबलून आलं. दर उन्हाळ्यात ती शेगावहून जानेफळला मामाकडे यायची आणि संध्याकाळी तिचे आजोबा, जानरावआबा, तिला, मामेभाऊ नागसेनला आणि शेजारच्या सफाला याच बांधावर ससे दाखवायला आणायचे. ऐनवेळी आबाच शिंकायचे, ससे पसार व्हायचे आणि पोरं आबांवर रुसायची! किती गोड होत्या त्या संध्याकाळी! यंदा आबांचे गुडघे धरले होते.

"आणि हे काय?" सफाने बोरीच्या काट्यांकडे बोट दाखवलं. तिथे केसांचा पुंजका अडकला होता. पांढराशुभ्र!

रानससे तर मातकट रंगाचे! पांढरे ससे गावात एकाच ठिकाणी होते, प्रेमानंदमामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मयुरीची लाडकी चांदणीही तिथेच होती. गेल्या सुट्टीत तिनेच ती मामाकडे सांभाळायला ठेवली होती.

तिघं धावत शेडवर गेले. चांदणी सारखी कान खाजवत होती. कानात तशाच खपल्या!

"काही नाही व, उद्या सकाळी हिले जरा हवा खायले नेतो," मामा नजर चुकवत म्हणाला.

"तुहा बाप काहीतरी लपवून राह्यला बे!" सफा नागसेनच्या कानात म्हणाली.

सकाळी चांदणीला टोपल्यात ठेवून, वर फडकं बांधून मामा चहा प्यायला आत गेला. तेवढ्यात मयुरीने तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं आणि टोपल्यात गेलं एक टरबूज! मामा निघाला, मागोमाग तिघंही.

बोरीजवळ मामाने फडकं सोडलं. "जाय माय, मोकळी हो!" टरबूज गडगडत उतरलं आणि मामा बघतच राहिला! नागसेन आणि सफा पोट धरून हसले. मयुरीला मात्र हसू आलं नाही.

"मामा, काऊन सोडून राह्यले तिले?"

"खरूज झाली, पोरी. हळद लावली, तेल लावलं, काही फरक नाही. मारणं माह्यानं होत नाही. म्हटलं, रानात सुखानं राहील. याच्याआधी दोघं सोडले."

"मामा, त्याईच्यासंगं खरूजबी सोडली तुम्ही! रानातल्या सशाईले कोण दवा देईन?"

मामा मटकन बांधावर बसला. भलं करायला गेला आणि हे होऊन बसलं!

मुलांनी जाऊन सांगितल्यावर गुरांच्या डॉक्टर प्रतीक्षाताई त्याच दिवशी आल्या. त्यांनी इंजेक्शनं दिली. आजारी ससे वेगळे केले, पिंजऱ्यांतलं गवत जाळायला लावलं, पिंजरे उकळत्या पाण्याने धुवायला सांगितले आणि ससे हाताळल्यावर साबणाने हात धुवायची ताकीद दिली. रानातल्या आजारी सशासाठी वनखात्याच्या माणसांना बोलावलं. मामाने सोडलेल्या दोघांपैकी एकच सापडला.

"पोराईनं सांगितलं म्हणून बाकीचे तरी वाचतीन!" डॉक्टरताई म्हणाल्या. मामाने पिंजरे धुवायला पाण्याचं आधण ठेवलं.

निघायच्या दिवशी मयुरी चांदणीच्या पिंजऱ्यापुढे उभी राहिली. खपल्या सुटत होत्या, पण अजून उचलायची परवानगी नव्हती. चांदणीने जाळीला नाक लावलं. तिला कुशीत घ्यावं असं मयुरीला फार फार वाटलं. डोळे भरून आले, तरी तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

काठी टेकत आलेले आबा ते बघत होते. "मोठी झाली व माही नात," ते म्हणाले.