पोपटाने खाली उतरवलेलं गाणं

"सापडलं!"

टिटवी लिफ्टमध्ये एवढ्या जोरात ओरडली, की शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

घरचे तिला टिटवी म्हणत, ते उगाच नाही. आनंद झाला की तिच्या तोंडून शब्दाआधी किंकाळी निघायची, आणि आनंद व्हायला तिला फारसं कारण लागत नसे. फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवायला लागली, तरी ही सवय काही सुटली नव्हती.

"सॉरी हं!" ती ओशाळून म्हणाली. "पण बघा ना, मी जन्मले त्या दिवशी कुठलं गाणं एक नंबरला होतं, ते सापडलं! आमच्या रिसेप्शनिस्टने काल स्वतःचं शोधलं, तेव्हापासून मला चैन नाही. हे बघा – 'उशिरा आलास तरी चालेल'. किती गोड नाव आहे!"

तरुण किल्ल्या उचलता उचलता थबकला... आणि मग खुदकन हसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. गाणं ठीकठाकच आहे."

"ठीकठाक? माझ्या जन्माच्या दिवशीचं गाणं आहे ते!" टिटवीने डोळे मोठे केले. "तुम्ही ऐकलंय कधी?"

"लहानपणी. पुष्कळदा."

"मग म्हणून दाखवा."

"इथे? लिफ्टमध्ये?"

तेवढ्यात तिसरा मजला आला आणि दार उघडलं. तो 'सुटलो एकदाचा' अशा चेहऱ्याने बाहेर पडला आणि सरळ टिटवीच्याच दवाखान्यात शिरला.

तो एका पेशंटचा मुलगा निघाला. त्या पेशंटला सगळे मावशी म्हणत. उजवा खांदा असा आखडलेला, की केस विंचरायलाही हात वर जात नव्हता. आजवर त्यांची बहीण त्यांना आणत-नेत होती. आजपासून मुलगा येणार होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "खाली-वर करणं हाच माझा धंदा," असं त्याने टिटवीला सांगितलं, तेव्हा ती उगाचच गरजेपेक्षा जास्त हसली.

त्या रात्री तिने गाणं सगळीकडे शोधलं. नाव होतं, गायिकेचं नाव होतं, पण गाणं कुठेच नव्हतं. कुणीतरी टीव्हीवरून टिपलेला एक तुकडा तेवढा मिळाला. त्यात गायिका तोंड उघडते न उघडते तोच तो संपत होता.

"मिळालं का?" पुढच्या खेपेला लिफ्टवाल्याने विचारलं.

"कुठलं मिळतंय! ती नुसती 'उशि' म्हणते आणि बंद."

"माझ्याकडे कॅसेट आहे."

टिटवीने तोंडावर हात दाबून धरला, तरी अर्धी किंकाळी निसटलीच. आतल्या पलंगावरचे एक आजोबा दचकून उठून बसले.

"पण शोधावी लागेल," तो घाईघाईने म्हणाला. "माळ्यावर आहे कुठेतरी."

ती कॅसेट काही लवकर सापडेना. एकदा म्हणे माळ्याची शिडी मोडली. एकदा खोकं सापडलं, पण चुकीचं. एकदा कॅसेट सापडली, पण टेप वाजेना. दर वेळी हे सगळं ऐकवायला तो आधीच येऊन बसायचा, आणि टिटवी एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाता जाता त्याच्या खुर्चीपाशी थांबायची. बाहेर रिमझिम असली की त्याच्या केसांवर बारीक थेंब असायचे. ते तिला दिसायचे, आणि आपल्याला दिसताहेत याचंच तिला हसू यायचं.

"तुमच्या जन्माच्या दिवशी कुठलं गाणं होतं?" एकदा तिने विचारलं. तो तिच्याहून जेमतेम पंधरवड्याने लहान होता.

"नको. हसाल."

"शपथ, नाही हसणार."

"'हॅलो हॅलो, पोपट बोलतोय'."

टिटवीने शपथ मोडली. पोट धरधरून हसली. तोही हसत होता, पण बोलताना त्याची नजर कुठेतरी दुसरीकडे गेली. "त्या पोपटानेच तुमचं गाणं एक नंबरवरून खाली उतरवलं," तो म्हणाला. "मी आलो आणि ते गेलं."

त्याच्या आवाजात काहीतरी बोचलं. पण टिटवी विचारणार तोच मावशी आतून आल्या आणि विषय तिथेच राहिला.

अखेर एका दुपारी तो कॅसेट आणि बॅटरीवर चालणारा जुना टेप घेऊन आला. दवाखान्यात गर्दी नव्हती. मावशी आतल्या खोलीत पडद्यामागे, खांद्यावर गरम शेक घेऊन पडल्या होत्या. मलमाचा वास दरवळत होता.

"हळू लावतो," तो कुजबुजला. "आईला झोप लागली असेल."

टेप खरखरला. बासरीचे चार सूर वाजले... आणि मग तो आवाज आला. कोवळा, खोडकर, जणू कुणी जिना उतरता उतरता गातंय.

टिटवीच्या अंगावर शहारा आला. आपण जन्माला आलो त्या दिवशी हा आवाज घराघरांत, दुकानांत वाजत होता! आईच्या कुशीत आपण डोळे मिटून पडलो असताना खिडकीबाहेरून कुणीतरी हे गुणगुणत गेलं असेल! तिला राहवेना. तिने हात पुढे केला आणि आवाज एकदम मोठा केला.

"अहो, नको –"

पण उशीर झाला होता. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि पडद्यामागून दुसरा आवाज त्यात मिसळला. जरा खालचा, जरा जाडसर, पण अगदी तोच. तोच खोडकरपणा, ओळीच्या शेवटी तीच हलकी उडी.

टिटवीने टेपकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. मग लिफ्टवाल्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"मावशी?!" तिने धावत जाऊन पडदा सारला. "तुम्ही? हे गाणं तुमचं? कॅसेटवरचं नाव –"

"माहेरचं गं," मावशी शेकाची पिशवी सावरत म्हणाल्या. त्यांचे डोळे लुकलुकत होते. "लग्नानंतरही गाण्यासाठी तेच ठेवलं होतं."

टिटवीने त्यांना मिठीच मारली. "अहो, मी तुमच्या गाण्यावर जन्मले! आणि इतके दिवस तुमचाच हात पिरगाळतेय!"

मावशी हसल्या. पण मुलगा दारातच उभा होता, टेपच्या बटणावर बोट ठेवून. गाणं संपलं तरी त्याचं बोट तिथेच होतं.

"आई, सॉरी," तो म्हणाला. "तुला त्रास होईल हे माहीत होतं. घरात मी कधी विषय काढत नाही."

"त्रास? कसला त्रास?"

तो घुटमळला. टिटवी निघायला लागली, तशी मावशींनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"माझ्यामुळे तुझं गाणं सुटलं," तो अखेर म्हणाला. "सगळे गमतीने म्हणायचे ना, पोरगा आला आणि आईला खाली उतरवलं. मला कधी त्यात गंमत वाटली नाही."



"अरे वेड्या," मावशी म्हणाल्या. "स्टेजवर जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. प्रत्येक कार्यक्रमाआधी उलटी! एक नंबरची गायिका, आणि गर्दीला घाबरते, हे सांगायचं कुणाला? तू आलास, आणि मला म्हणता आलं – मूल लहान आहे हो, जमणार नाही. तू माझी सुटका केलीस रे."

"मग नंतर घरात तरी कुठे गायलीस?"

"गाते की. तू कामावर गेलास की."

"मी गेल्यावर का?"

"लहानपणी मी गायला लागले की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला वाटलं, माझ्या गाण्याची तुला लाज वाटते. म्हणून मीच..."

तो पलंगापाशी आला, खाली बसला आणि आईच्या चांगल्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मावशी त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या, आणि टिटवी भिंतीकडे तोंड करून आपले डोळे पुसत राहिली.

त्यानंतर मात्र तो आलाच नाही. पुढच्या खेपेला मावशींबरोबर पुन्हा त्यांची बहीण. त्याच्या पुढच्याही. टिटवीचा जीव थाऱ्यावर राहीना. आवाज आपण मोठा केला... आपलाच आगाऊपणा. लिफ्टचं दार उघडलं की ती मान वळवून बघायची, आणि रिसेप्शनिस्ट गालातल्या गालात हसायची.

मावशींच्या उपचाराचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवसाच्या शेवटच्या पेशंटही त्याच होत्या. हात छान वर गेला. टिटवी "वा!" म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता.

"खांदा बरा झाला," मावशी पदर सावरत म्हणाल्या. "पण खाली गाडीत एक पेशंट बसलाय. तासभर झाला. वर यायला लाजतोय."

टिटवीने पुढचं ऐकलंच नाही. लिफ्टची वाट न पाहता ती तिन्ही मजले धडाधड उतरली.

तो गाडीचं दार उघडं टाकून बसला होता. तिला बघून धडपडत उठला.

"वर का नाही आलात?" तिला धाप लागली होती.

"त्या दिवशी तुमच्यासमोर रडलो ना..."

"मग काय झालं? माझ्यासमोर रोजच कुणी ना कुणी रडतं. खांदा वर उचलला की भले भले पहिलवान रडतात!"

"त्यांचा खांदा दुखतो म्हणून." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "आता आई यायची नाही. सकाळपासून निमित्त शोधतोय. मान दुखते असं सांगणार होतो..."

"मी मान धरली असती आणि चोरी पकडली असती."

"त्याचीच भीती वाटली. आणखी एक चोरी कबूल करू?"

"करा."

"कॅसेट माळ्यावर नव्हतीच. माझ्या टेबलाच्या खणात होती. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे ती शिडी... ते खोकं..."

"सगळ्या थापा. तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं होतं." त्याने मोठा श्वास घेतला. "मला... मला तू खूप आवडतेस."

टिटवीच्या ओठांवर हसू मावेना.

"'तुम्ही'ची 'तू' कधी झाले मी?"

"आत्ताच." तो घाबरला. "चालेल ना?"

"चालेल काय, पळेल!" असं म्हणून तिने त्याचा हात धरला. थंडगार पडला होता बिचाऱ्याचा. तिने तो दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला सुरुवात केली, एखाद्या पेशंटचा चोळावा तसा. मात्र पेशंटकडे ती कधी असं बघत नसे.

तेवढ्यात मावशी खाली आल्या. दोघांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. पुढचं दार सोडून त्यांनी मागचं उघडलं आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या.