बिल्ला नंबर एकशे सतराचा कागद

बहात्तर सालचा हिवाळा. देऊळघाटला शेषरावच्या ओसरीवर जेवणं आटोपली, कंदिलाची वात बारीक झाली, तेव्हा म्हाताऱ्या रामरावांनी बंडीच्या खिशावर हात ठेवला आणि पोरांकडे पाहिलं.

"नीळकंठाले मी चांगला वळखत व्हतो. जिनिंगमधी टाइमकीपर. खोटं बोलाचा, पन नोकरीपुरतं. हे त्यानं मले नोकरी गेल्यावर सांगतलं. मंधात कोनी बोलू नका."

तारीख २ जानेवारी १९६५. शनिवार, अमावस्या. रात्रीचे पावणेनऊ. खामगावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याकडे नीळकंठ निघाला. काम साधंच होतं. फाटकाजवळच्या खोलीतून कागदांचा गठ्ठा उचलायचा आणि मॅनेजरच्या घरी पोचवायचा. मॅनेजर सकाळच्या गाडीने मुंबईला जाणार होता.

गठ्ठा कसला, ते ऐका. दिवाळीत कंपनीने हजेरीचं घड्याळ बसवलं होतं. कामगाराने फटीत कार्ड घालायचं, दांडा दाबायचा, की वेळ छापली जायची. यंत्र सगळ्यांना आवडलं, याचा आता मुंबईच्या कचेरीला पुरावा हवा होता. म्हणून कामगाराच्या नंबरी बिल्ल्यागणिक एक छापील कागद आला. "नव्या व्यवस्थेबद्दल आपण समाधानी आहात काय?" खाली दोन चौकोन. पण कामगारांना विचारतो कोण? दोनशे अकरा कागदांवर 'समाधानी'च्या चौकोनात नीळकंठने दुपारीच स्वतःचा अंगठा उठवला होता.

दोनशे बारावा कागद कडूबाचा. तो त्याने फाडून टाकला. कडूबा पंधरा दिवसांपूर्वी गाठींच्या प्रेसमध्ये सापडून मेला होता. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी. कार्डावर मात्र तो आठलाच बाहेर पडलेला. मॅनेजर म्हणाला, कामावर नव्हता, चोरून आत शिरला. त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, सोमवारी कारखान्याची खोली सोडायची असा हुकूम निघाला.

दिवसभराच्या पाळीकडून आठनंतर काम घ्यायला कायद्याची मनाई होती. म्हणून मॅनेजरच्या सांगण्यावरून नीळकंठ रोज आठला साऱ्यांची कार्डं स्वतःच छापून टाकायचा, आणि माणसं दहापर्यंत आत राबायची. कामाच्या तासांची नोंद ठेवायला आणलेलं यंत्र, आणि पहिल्या आठवड्यापासून त्याच्या तोंडी खोटं घातलेलं!

दुपारी झुंबरबाईने त्याला वाटेत गाठलं होतं.

"बाबू, आठले निंगाला असता तं घरी आला नसता काय? नऊले मी फाटकावर भाकर देली त्याले. तुमी तेथीच व्हते."

"माझं लक्ष नव्हतं."

"व्हतं. तुमीच म्हनले, झुंबरबाई, ठेच्यानं नाक झोंबून राह्यलं."

तो पाय उचलून निघून गेला होता.

अमावस्येची सुट्टी, कारखाना बंद; फाटकावर पहारेकरी जानराव एकटाच शेकोटीशी बसला होता. "काय बाबू, अवसेच्या राती? मशिनीचं लगन हाय काय?"

"खोलीत कोणी आलं होतं?"

"किल्ली तुमच्या खिशात. मी काय फटीतून जाऊ?"

नीळकंठने कुलूप काढलं. कंदील ठेवला. सवयीने कागद मोजले.

दोनशे बारा.

पुन्हा मोजले. दोनशे बारा. शेवटचा कागद एकशे सतरा नंबरच्या बिल्ल्याचा. कडूबाचा. कुठे फाटलेला नाही. 'असमाधानी'च्या चौकोनात जांभळा अंगठा. अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ. गाठीच्या लोखंडी पट्टीने कडूबाचा अंगठा असाच चिरला होता.

कोणीतरी खेळवतंय आपल्याला. जानराव? झुंबरबाईचा भाऊ? की मॅनेजरच परीक्षा पाहतोय?

"जानराव! ही थट्टा कोणाची?"

जानराव आला. वाकून पाहिलं. "बाबू, हा अंगठा तं..."

शेकोटीकडे गेला. पाठ करून बसला.

नीळकंठने कागद कंदिलाच्या काचेवर धरून पेटवला. राख पायाने चोळली. गठ्ठा मोजला.

दोनशे बारा.

बोट लागलं. शाई ओली...

खट्ट.

फाटकावरच्या घड्याळाचा दांडा. त्याने दारातून पाहिलं. कोणी नव्हतं. दांडा खाली दबलेला होता. वर येत नव्हता. काटे नऊ वाजून दहा मिनिटांवर.

"जानराव..."

शेकोटीपाशी कोणी नव्हतं.

वास आला. ठेच्याचा. झोंबणारा.

त्याने कोरा कागद ओढला. 'कडूबा आत होता. त्याचं कार्ड मी छापलं. सगळ्यांची छापतो.' खाली सही.

खट्ट.

दांडा वर आला.

गठ्ठा तसाच टाकून तो निघाला. नेले दोनच कागद, आपला आणि कडूबाचा. सोमवारी उजाडताच त्याने आपला कागद सरकारी इन्स्पेक्टरच्या हातात दिला. कडूबाचा दाखवायची हिंमत झाली नाही. झुंबरबाईची खोली राहिली. नीळकंठची नोकरी गेली, आणि मॅनेजरची बदली झाली. वरच्या जागेवर!

रामराव थांबले. बंडीच्या खिशातून चौघडी कागद काढून त्यांनी पोरांपुढे उलगडला.

"मराच्या आंदी मले देऊन गेला."

शेषराव हसला. "काका, सात वर्सं झाले. कोनीबी उठवीन असा अंगठा."

त्याने चौकोनावर बोट टेकलं. मग कंदिलाजवळ नेलं.

हसू मावळलं. बोटाचं टोक जांभळं झालं होतं.