खिळ्याखालची ओल

ही घडलेली गोष्ट आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या दैवशालाने ती एकाच माणसाला सांगितली. तो माणूस तिचा नवरा सोमेश्वर नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या नऊ वर्षांच्या तृप्तीच्या आतड्याला पीळ पडला. जवळजवळ सगळं आतडं काढावं लागलं. मग अन्न शिरेतूनच, घरीच, रात्रभर. भिंतीवरच्या खिळ्याला दुधासारखी पांढरी पिशवी, खाली पंप.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "सकाळी सहाला बंद. उरलं तर फेका. यकृताला विसावा पाहिजे."

पण उरलेलं अन्न फेकायचं? या घरात ताटात शीतही कुणी सोडत नाही. सोमेश्वर कामावर गेला की दैवशाला पंप पुन्हा चालू करायची. पिशवी संपून पंप वाजेपर्यंत... दुपारचे बारा.

"आई, बस ना. इथं जड होऊन राह्यलं." तृप्ती उजव्या बरगडीखाली हात ठेवायची.

"थोडंच हाय, बाई. अन्न हाय ते."

पुढे पोरीने 'बस' म्हणणंच सोडलं.

डोळे पिवळे झाले. संभाजीनगरला सुईने यकृताचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "पित्त साचलंय. व्रणाचे धागे पसरलेत. पंप वेळेवर बंद करत होता ना?"

सोमेश्वर शेजारीच होता.

"हो," दैवशाला म्हणाली.

तीन महिन्यांत तृप्ती गेली. पंप परत केला.

तेराव्यानंतरची दुपार. घरात ती एकटीच.

बारा वाजले...

टीं... टीं...

खिळा रिकामा होता.

खाली फरशीवर एक थेंब. पिवळा.

आणि अगदी कानाशी... "आई, बस ना."

मग हे रोजचंच झालं. ती कान झाकून रडायची. मीच मारलं माझ्या लेकराला, म्हणायची.

एका सुट्टीला सोमेश्वर दुपारी घरी जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"दैवशाला... पंपाचा आवाज येऊन राह्यला का गं?"

आता सांगून टाकावं. ओठांवर आलं होतं.

"न्हाई बा. मला तर न्हाई येत."

आवाज तिथेच थांबला.

त्यानंतर तो कधीच आला नाही. 'बस ना'ही नाही.

दैवशाला मात्र रोज बाराला खिळ्याखाली बसते, कान देऊन. पोरीने हाक मारावी म्हणून.

हाक येत नाही. फरशी तेवढी ओली होते... रोज, पिवळी.

ती पदराने पुसते. सोमेश्वर यायच्या आत.