सातवं टोकन

झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशनचं मशीन तापायला पाच मिनिटं लागतात, आणि पौर्णिमाचं डोकं तापायला त्याहून कमी. जानेवारीतल्या त्या दुपारी दोन्ही एकदमच तापली.

काउंटरवर तिने आपले पत्ते मांडून ठेवले होते. स्केचपेनने काढलेले हेल्मेटवाले गडी, शिड्या, दोर, आणि हळूहळू चढत जाणारं निळं पाणी. दुकानदार एकेक पत्ता प्लास्टिकमध्ये सरकवत होता. तेवढ्यात तिच्या खांद्यामागून कुणीतरी म्हणालं,

"हे चुकलं हाय."

पौर्णिमा वळली. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला एक उंच, सावळा मुलगा तिच्या नियमांचा कागद वाचत होता. अगदी बिनधास्त, घरचाच असल्यासारखा.

"काय चुकलं?" सहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईचा आवाज होता तो. भलेभले त्या आवाजाला बाकावर बसत.

"हे... 'सगळे गडी वर आले की खेळ जिंकला.' खाणीत असं नसते." त्याने कागदावर बोट ठेवलं. "खाली जाताना प्रत्येकजण खिळ्यावरचं आपलं पितळी टोकन काढून घेते. वर आल्यावर परत लटकवते. एक जरी खिळा रिकामा दिसला, तर कोणीतरी खालीच हाय. माणूस वर आला म्हणजे आला असं नाई... टोकन लटकलं, मंग आला."

"आन् तुमाले कसं माईत?"

"भरवेलीच्या खाणीत लॅम्परूममध्ये असतो ना. दिवे अन् टोकन मीच सांभाळतो. शेवटचा खिळा भरल्याबिगर मले घरी जाता येत नाई."

तिने त्याच्या बोटाकडे पाहिलं. नखांच्या कडेला खाणीची काळी रेघ होती, कितीही घासली तरी न जाणारी. तिच्या बाबांच्या नखांना तीस वर्षं तीच रेघ होती. झालं! पौर्णिमाचा राग कुठल्या कुठे गेला, आणि ते आपल्याच लक्षात येऊन ती उगाच पत्ते गोळा करू लागली.

"मंग येऊन करून दाखवा," ती पत्त्यांकडेच बघत म्हणाली. "रविवारी, तीन वाजता. पुनाराम काकाजीचं घर विचारा. दारात पेरूचं झाड हाय."

अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नये, हे ती वर्गातल्या मुलींना दर आठवड्याला बजावायची. पण स्वतःला बजावायची तिला सवयच नव्हती.

हा खेळ तिने बाबांसाठी केला होता. पुनाराम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि बोलणंच विसरला. दिवसभर अंगणात खाटेवर बसायचा, आणि पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली, चार वाजले, की घड्याळाकडे बघायचा. बस्स. लुडो आणला तर आईने, जिजाबाईने, नवऱ्याची सोंगटी मारली आणि दोघं दोन दिवस अबोल झाले. मग नागपुरात एका मैत्रिणीकडे पौर्णिमाने एक वेगळाच खेळ पाहिला. त्यात कुणी कुणाविरुद्ध नसतं. सगळ्यांनी मिळून एक कोडं सोडवायचं, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. तिने घरी येऊन पुठ्ठ्यावर खाण काढली. गडी खाली अडकलेत, पाणी चढतंय, हातातले पत्ते जोडून सगळ्यांनी वर यायचं. खेळाला नाव दिलं, 'घरी चला'. बोगदे कसे असतात हे विचारायच्या निमित्ताने बाबा थोडे बोलले, आणि तेवढ्यावरच तिला कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

रविवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना तो आला. हातात रंधा मारलेली फळी, तिच्यावर खेळातल्या सहा गड्यांसाठी सहा खिळे, आणि रुमालात बांधलेली सहा पितळी टोकनं. नाव नागसेन.

"जयभीम, काकाजी," तो खाटेपाशी वाकला. "दोनशे अठरा."

पुनारामने मान वर केली. "काय म्हणला?"

"तुमचा नंबर. दोनशे अठरा. तुमच्या शेवटच्या वर्षी दिवा मीच देत होतो. तुमी दिवा घेऊन दोनदा पुसायचे."

"तीनदा," पुनाराम म्हणाला. आणि मग किती दिवसांनी तो हसला! स्वयंपाकघरातून जिजाबाई पदराला हात पुसत बाहेर आली, हे हसणं कुणाचं ते बघायला.

पहिला डाव मात्र साफ बुडाला. बाबा, आई, शेजारची मंजुषा आणि नागसेन, असे चौघं खाली, उरलेली दोन टोकनं खिळ्यांवरच. पौर्णिमा मुकादम. मुकादमाने वर राहायचं, पत्ते वाटायचे, पाणी चढवायचं आणि कुणी काय करायचं ते सांगायचं, असा नियम तिनेच लिहिला होता. तिसरा दोर काही केल्या निघेना. पाणी वर आलं, सगळे गेले. पत्ते गोळा करताना दोर सापडला तो जिजाबाईच्या मांडीखाली.

"आई! काहून लपवला?"

"वा गं! देला असता तं तुझे बाबा जिंकले असते ना!"

"अवो, ते जिंकले असते तं तुमीबी जिंकल्या असत्या, काकू," नागसेन म्हणाला.

"मंग हरलं कोण असतं?" जिजाबाईला खरंच कळेना. "कोणी हरतच नाई तं खेळायचं कायले?"

मंजुषा हसून हसून खाटेवर आडवी झाली. पुनारामच्या डोळ्यांत पाणी आलं. नागसेनने गालातल्या गालात हसत पौर्णिमाकडे पाहिलं, आणि पौर्णिमाने... पाण्याचा पत्ता उलटा धरला.

मग रविवारामागून रविवार गेले. अंगणातलं ऊन पेरूच्या झाडाखाली सरकायचं, शेगडीवर हरभऱ्याचे घाटे भाजले जायचे, आणि पट मांडला जायचा. नागसेन येताना संत्री आणायचा. एक सोलून अर्धं स्वतः खायचा, अर्धं न बघता, न बोलता पौर्णिमाच्या बाजूला ठेवायचा. ते तिथेच सुकून जायचं. पौर्णिमाला सवड कुठे होती! "बाबा, तुमी शिडी टाका. आई, दोर दे... दे म्हणलं ना! मंजू, तू थांब. नागसेन, डावीकडं." सगळ्यांचे डाव ती एकटीच खेळायची, आणि खेळ जिंकलाही जायचा.

"तुमाले कधी वाटत नाई का, आपल्या मनानं जावं?" तिने एकदा त्याला विचारलं.

"तुमी सांगता ते बरोबरच असते."

"सारंच?"

"सारं..." तो घुटमळला. "सारंच असं नाई."

"कोणतं नाई?"

"सांगंन कधी," तो म्हणाला आणि संत्र्याची साल सोलण्यात गुंतला. त्या दिवशी तिने त्याला कधी 'तू' म्हटलं हे तिलाही कळलं नाही. त्याला कळलं. जाताना तो फाटकाशी म्हणाला, "येतो... तू बी जप, थंडी हाय." रात्रभर तिला ते 'तू' आठवत राहिलं.

फेब्रुवारी निम्मा सरला आणि त्याने खेळ संपल्यावर खिशातून एक कागद काढला. राजस्थानातल्या एका खाणीतून बोलावणं आलं होतं. सुपरवायझरची जागा, राहायला क्वार्टर. पुढच्या सोमवारी सकाळी हो-नाही कळवायचं होतं.

पौर्णिमाने गोळा केलेले पत्ते परत पटावर मांडले. पण तोंडातून मात्र सवयीचा, सरळ, बाईंचा आवाज आला.

"जा. त्यात विचार काय करायचा? नोकरी पक्की, जागा मोठी. तिथून पुढं परीक्षा दे. इथं लॅम्परूममध्ये किती वर्ष काढशीन? हौ म्हणून टाक."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने कागदाची घडी घातली. फाटकापर्यंत ती सोडायला गेली, तेव्हा तो थांबला.

"तुझ्या खेळात एक चूक अजून हाय, पौर्णिमा. पहिल्या दिवशीच दिसलती. सांगतली नाई."

"कोणती?"

"तुझं टोकन नाई. सहा टोकन हायेत, मुकादमाचं एकबी नाई. खाणीत मुकादमबी खाली जाते. त्याचंबी टोकन लटकते." तो तिच्याकडे न बघता फाटकाची कडी चाळवत होता. "ज्याचं टोकन नाई, त्याची वाट कोणी पाह्यत नाई. तू साऱ्याइचे डाव सांगते. माझाबी सांगितला. तुझा कोणता, ते कधी सांगतच नाई... रविवारी येतो."

आठवडा कसा गेला विचारू नका. वर्गात तिने दोनदा तोच धडा शिकवला. बुधवारी ठरवलं की त्याने जाण्यातच त्याचं भलं आहे. गुरुवारी ठरवलं की त्याचं भलं ठरवणारी आपण कोण? शुक्रवारी ती न्हाणीघरात दार लावून रडली, आणि रडताना तिला पहिल्यांदा कळलं की या सगळ्या विचारांत 'मला काय हवं' हा विचार एकदाही आला नव्हता. हवं तर होतं. तो हवा होता. दर रविवारी, संत्र्यांसकट.

रविवारी नागसेनने आल्या आल्या फळीवर सातवा खिळा ठोकला. त्याने मुठीतून एक टोकन काढलं. घासून घासून चकचकीत केलेलं पितळ, मधोमध सात.

"माझ्या मायच्या फुटक्या पितळी तांब्याचं हाय," तो म्हणाला. "मीच कापलं. कडा जरा वाकडी झाली. आज तू खाली ये. मुकादम काकू होतीन."

"मी?" जिजाबाईने पदर खोचला. "या, बसा सारे. आता सांगते एकेकाले!"

खाली उतरल्यावर पौर्णिमाला कळलं की खालून पट किती वेगळा दिसतो. कुणाला काही सांगायची सोय नव्हती. आपल्या हातात तीन पत्ते, आणि आपला एक डाव. ती चुकली, अडखळली. पुनारामने शिडी टाकून तिला एक मजला वर घेतलं आणि डोक्यावर टपली मारली. मंजुषा वर गेली. पुनाराम वर गेला. दोघांची टोकनं खिळ्यांवर लागली. शेवटच्या बोगद्यात दोनच सोंगट्या उरल्या, पौर्णिमा आणि नागसेन. पटावर दोर एकच. पत्त्यांची गड्डी संपलेली, आणि पाणी एक घर खाली.

डाव पौर्णिमाचा होता.

"नागसेन, तू दोर घे," ती पटकन म्हणाली. "तू वर जा, मी..."

"डाव तुझा हाय." त्याने दोन्ही हात पटावरून मागे घेतले. "माझा नको सांगू. तुले काय पायजे?"

पौर्णिमाने सात नंबरचं टोकन मुठीत इतकं घट्ट धरलं की त्याची वाकडी कडा तळव्यात रुतली.

"मले..." तिचा आवाज आज बाईंचा नव्हता. "मले पायजे की तू नाई जावं. तुझ्या भल्याचं म्हणून नाई सांगून राह्यली. तुझं भलं तिकडंच असंल, मले माईत नाई. मले तू पायजे, म्हणून सांगून राह्यली. मागच्या रविवारी खोटं बोलली मी."

नागसेन हळूच म्हणाला, "रोज चारशे लोकाइची वाट पाह्यतो मी, पौर्णिमा. शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाई. माझी वाट कोणी पाह्यते का... एवढंच पाहाचं होतं मले. जायाचं तं माझ्या मनात कधी नव्हतंच."

"मंग सांगायचं ना!"

"तू म्हणली, जा. पक्कं म्हणली."

"आन् तू लगेच ऐकलं?"

"तुझं ऐकाची सवय लागली ना."

पुनाराम खाकरला. आई-बाप समोर बसलेत, याची दोघांना तेव्हा आठवण झाली. पौर्णिमाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "पाणी आलं ना," ती पटाकडे बघत कशीबशी म्हणाली. "दोर एकच हाय. हरलो आपण."

"हट्!" जिजाबाईने मांडी उचलली, आणि खालून चुरगळलेला एक पत्ता काढून पटावर आपटला. दोर होता तो. "हा घ्या. एकजण एका दोरानं या, दुसरा दुसऱ्यानं."

"आई! मुकादम होऊनबी लपवला?"

"लपवला म्हणून तं उरला!" जिजाबाई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून म्हणे शेगडीचा धूर फार होतो. शेगडी आज पेटवलीच नव्हती.

दोघं वर आली. नागसेनने आपलं टोकन लटकवलं. पौर्णिमाने तिचं त्याच्यापुढे धरलं, तर त्याने मान हलवली. "आपलं आपणच लटकवाचं."

तिने सातव्या खिळ्यावर टोकन अडकवलं. पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदा बसलं. पुनारामने फळी जवळ ओढली आणि एकेका टोकनावर बोट ठेवत सातापर्यंत मोजलं. आत घड्याळात चाराचे ठोके पडले. आज त्याने तिकडे पाहिलं नाही.

"सगळे आले," तो म्हणाला. "उद्या कळवून दे, पोरा, येत नाई म्हणून. आन् पुढच्या रविवारी येशीन तं आईबाबाले घेऊन ये."

"हौ, काकाजी."

नागसेनने नेहमीसारखं संत्रं सोललं, अर्धं न बघता पौर्णिमाच्या बाजूला ठेवलं. तिने ते उचललं आणि सगळ्यांसमोर, एकेक फोड करत, सगळं खाल्लं.